आत काकू, वर काका

काका टाकीच्या तोंडात अडकले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पाय आतल्या शिडीवर, पोट काठावर, हात आभाळाकडे.

"श्वास सोडा," काकू म्हणाल्या.

"सोडलाय."

"मग हे काय उरलंय?"

घरमालकीण बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी घाईघाईने चष्मा काढून पुसायला घेतला. खांदे मात्र गदगदत होते.

पाण्याच्या टाक्या धुणं हा काकांचा बावीस वर्षांचा धंदा. रस्त्यातली सगळी घरं त्यांना टाकीकाका म्हणत. टाकीचं तोंड जेमतेम दीड फुटाचं, आणि काका त्यातून ओल्या साबणासारखे सुळकन आत जात. ती कंबर हेच त्यांचं भांडवल. गेल्या वर्षापासून भांडवल वाढत चाललं होतं.

काकू कायम वर. काकांच्या छातीला बांधलेल्या दोराचं टोक त्यांच्या हातात, आणि तोंड चालू. नियमच होता तसा. बंद टाकीतली हवा कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून टाकी रिकामी केली की झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं. एकट्याने उतरायचं नाही. वरच्याने बोलत राहायचं, आतल्याने प्रत्येक वाक्याला 'हो' द्यायचा. 'हो' आला नाही तर दोर ओढायचा, माणसं बोलवायची. पण मागोमाग आत उडी मारायची नाही.

बाई आणि काकूंनी दोर धरला, एक-दोन-तीन म्हटलं, आणि काका बाटलीच्या बुचासारखे बाहेर आले. गच्चीवर फतकल मारून बसले.

"काका," बाई आता गंभीर झाल्या, "टाकी आजच व्हायला हवी. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

बाईंनी माणूस बदलला की सारा रस्ता बदलणार, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी छातीचा दोर सोडला.

काकू दोर स्वतःला बांधत होत्या.

"तू? तुला काय येतं?"

"बावीस वर्षं वरून बघतेय. धरा टोक." आणि शिडीवरून त्या दिसेनाशा झाल्या. ब्रशचा आवाज सुरू झाला.

काका अबोल माणूस. घरात दिवसाकाठी दोन शब्द बोलायचे: 'मीठ' आणि 'झोपतो'.

"अहो, बोला की!" टाकी घुमली.

"काय बोलू?"

"काहीही!"

"ऊन आहे."

"हो."

काकांनी खूप विचार केला. "अजून आहे."

"हो. पुढे?"

"पाढे म्हणा," बाईंनी सुचवलं.

काकांनी तेराचा धरला. तेरा सक अठ्ठ्याहत्तर बरं गेलं. "तेरा सत्ते... ऐंशी."

"एक्याण्णव!" आतून आणि शेजारून एकदम आलं.

मग ब्रश थांबला. "अहो, शिडीमागचा कोपरा कोण घासायचं?"

"मी."

"इथे बोटभर गाळ आहे! मी दर वेळी विचारायची, कोपरे झाले का. तुम्ही 'हो' म्हणायचात!"

"प्रत्येक वाक्याला 'हो' द्यायचा, असं तूच सांगितलं होतंस."

बाईंचा चेहरा शाळेत असायचा तसा झाला. काकांना वाटलं, संपलं. बावीस वर्षं त्या कोपऱ्यात गेली.

"बाई, लिहून घ्या," काकू आतून ओरडल्या. "शिडीची खालची पायरी गंजलीय. जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपची जाळी फाटलीय, त्यातून पाखराचं पीस आलंय. तरंगत्या चेंडूचा दांडा वाकलाय, म्हणून पाणी वाहून जातं. भिंतीला तडा नाही, हात फिरवून पाहिलं. झाकणाला कडी लावा, नुसता दगड ठेवू नका."

बाई कठड्यावर बसून खरंच लिहीत होत्या. "ही आजवर कुठे होती?"

"वर," काका म्हणाले.

त्यांनी पुन्हा पाढा धरला. तेरा नव्वे झालं. 'हो' आला नाही. तेरा दाहे झालं. नाही.

काकांनी दोर असा ओढला की स्वतःच मागे कोसळले. "धावा! माणसं या! ती आत आहे!" एवढा आवाज त्यांच्याकडे आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेजारच्या गच्च्या माणसांनी भरल्या.

"अहो, ओढू नका! कोपऱ्यात शिरलेय मी!"

"'हो' का नाही म्हणालीस?"

"घासत होते."

"मला भीती वाटली."

"काय? घुमतंय, नीट सांगा!"

"भीती वाटली!"

साऱ्या गच्च्यांनी ऐकलं. कुणीतरी टाळी वाजवली. काका कानापर्यंत लाल झाले, आणि का कोण जाणे, हसत सुटले.

बाईंनी वही मिटली. "सहा महिन्यांनी या. दोघंही. आत मात्र या उतरतील. शेजाऱ्यांनाही मी तसंच सांगते."

काका काठावर पालथे झाले आणि बोलू लागले. शेजारच्या गच्चीवर कोण कोण आलंय ते सांगितलं. बाईंचं अक्षर किती सुबक आहे ते सांगितलं. पहिली टाकी धुतली तेव्हा आपण कसे घाबरलो होतो, तेही सांगितलं. धुण्याचं पाणी निघून गेलं, काकू शिडी चढून बाहेर आल्या, टाकी भरताना किती औषध घालायचं आणि ते पाणी वापरण्याआधी कसं सोडून द्यायचं हे त्यांनी बाईंना समजावलं. काका बोलतच होते.

"अहो, मी वर आले. आता थांबलात तरी चालेल."

"थांब," काका म्हणाले, "वाक्य पुरं होऊ दे."