मंडईचा गळा

"डाक्टरसाब, माहा गळा बसला जी. नागपूरले धाडा नं!"

सकाळपासून हेच ऐकत होतो. बाहेर बाकावर अजून तसलीच मंडळी. तुमसरकडच्या एका मँगनीज खाणीवर मी डॉक्टर होतो, सत्तरच्या दशकात. दिवाळी तोंडावर आलेली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. तिथे दंडार होते. गाणं, नाच, सोंगं. तालमीत ओरडून अख्ख्या कॉलनीचे गळे बसतात.

रेफर करणं म्हणजे नागपूरच्या स्पेशालिस्टकडे पाठवणं. चिठ्ठीवर मॅनेजरची सही लागायची. सही झाली की भरपगारी सुट्टी, कंपनीची जीप आणि येताना बायकोला लुगडं. मग कोणाचा गळा धड राहील?

या गर्दीत सुकराम मात्र खरा आजारी. दंडारीत तो राणी व्हायचा. त्याचं गाणं ऐकायला लांबून बैलगाड्या यायच्या. पोळ्यापासून आवाज घोगरा, आता नुसती फुसफुस. त्यात तंबाखूची सवय. मला कॅन्सरची भीती वाटत होती.

त्याची चिठ्ठी नेली, तर मॅनेजर साहेबांनी उडवून लावलं. "मंडईचे गळे मी ओळखतो, डॉक्टर. एकही सही मिळणार नाही."

मग मीच डोकं लढवलं. बाकापुढे उभा राहून जाहीर केलं, "रेफरच्या आधी एक इलाज. मंडई होईस्तोवर मौन. तालीम बंद, दंडार बंद. घरी तुमच्या बायकांना सांगून ठेवतो, त्या लक्ष ठेवतील."

"मी बरा झालो जी!" पहिला खणखणीत ओरडला. मग दुसरा, तिसरा. मी खूश. आता उरेल तो खरा!

तर सुकरामही उठला. "मी बी बरा हाय जी," ऐकूही येईना. घ्या! पाखडायला गेलो आणि कोंड्याबरोबर तांदूळही उडाला.

त्याचा हात धरून थेट मॅनेजरच्या खोलीत नेलं. "बरा आहेस ना? साहेबांना राणीचं गाणं ऐकव."

सुकरामनं कमरेवर हात ठेवला, मान वेळावली, तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा केलं. नाहीच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लपवून काहून राहिला बे?" मी विचारलं.

"मंडईले दुसराच राणी झाला तं, साब?"

साहेबांनी चिठ्ठी ओढली आणि सही केली.

नागपूरला गळ्यातली गाठ काढली. साधी निघाली, कॅन्सर नव्हता. त्या दिवशी मला पोटभर जेवण गेलं. सुकरामला बोलायची बंदी होती, तरी आमच्या मंडईत राणी तोच झाला. ओठ त्याचे, गळा मागे बसलेल्या भावाचा. समोरच्या खुर्चीवर मॅनेजर साहेब "वन्स मोअर" ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट तेच. "डॉक्टर, गळा पार बसला. नागपूरला दाखवून येतो. चिठ्ठी द्या, सही मीच करतो."

"देतो की. आधी मौन."

साहेब मौनात, त्यामुळे तो आठवडा खाणीवर कोणी शिवी खाल्ली नाही. तेव्हापासून माझा नियम ठरला: मागेल त्याला थोडं थांबवायचं, आणि नको म्हणेल त्याला आधी जीपमध्ये बसवायचं.