पोरं शोधणारी माणसं

शाळाबाह्य मुलांचा सर्वे केलेले दोन शिक्षक भेटले, की पहिला विषय कुत्र्यांचा निघतो. कोणत्या गल्लीत मागं लागलं, कोणत्या दारातून आपण पळालो. वही दर वर्षी नवी मिळते, किस्से मात्र साठतच जातात. साकोली तालुक्यात शेंडे सर आणि मी सहा वर्षं जोडीनं हिंडलो. सहा ते चौदा वयाचं एकही मूल शाळेबाहेर राहू नये, एवढंच काम. पण आम्ही दारात उभे राहिलो की माणसं घाबरायची. आणि खरं सांगते, आम्हीही.

* * *

पहिल्याच वर्षी एक बाई दार अडवून म्हणाली, "लेकरू नाई जी घरात." आम्ही परत फिरणार, तेवढ्यात आतल्या धान साठवायच्या ढोलीतून शिंक आली.

ती रडायलाच लागली. "नेऊ नका जी त्याले. शाळेत सुई टोचते म्हणते."

सर हळूच म्हणाले, "सुई नाही. पुस्तकं देतो, अन् दुपारी खिचडी."

मग ढोलीतून आवाज आला, "रोज?"

* * *

सानगडीच्या बाजारात मात्र जिवावर बेतलं होतं. आईजवळ मासोळ्या विकत बसलेल्या एका पोरीला मी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, घर कुठं ते विचारलं. त्याच आठवड्यात पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा होती, हे आम्हाला कुठं माहीत!

बघता बघता वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. एकानं सरांची पिशवी उपडी केली. आत बिस्किटांचे पुडे. "पाहा, याच्यानंच फसवते हे लोकं," कोणीतरी ओरडलं. सरांची कॉलर धरली गेली.

तेवढ्यात एक दांडगा तरुण गर्दीत घुसला. "सोडा त्यायले. बाई होत ह्या आमच्या. सातच्या पाढ्यासाठी मले दोन दिवस उभं ठेवलं होतं."

त्यानं आम्हाला गाडीपर्यंत पोचवलं. अर्ध्या रस्त्यात सरांचा आवाज परत आला. "बाई, आता कायद्यानं शिक्षा बंद केली. पुढं आपल्याला ओळखणार कोण?"

* * *

बारा वर्षांची एक मुलगी सापडली, कधीच शाळेत न गेलेली. नियम असा, की वयाप्रमाणे वर्ग द्यायचा. म्हणजे थेट सहावी. पहिल्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं, मिटलं, आणि ती उठून पहिलीत धाकट्या भावाशेजारी जाऊन बसली. मी परत आणलं. ती परत गेली.

मी समजावलं, "अगं, सहावीत बसायचा तुला हक्क आहे. तुला वेगळं शिकवू आम्ही."

ती खाली मान घालून म्हणाली, "मंग पहिलीत बसाचा हक नाई का मले?"

* * *

आणि रोशनीचे बाबा. गावच्या तलावावर मासेमारी करायचे. धाकट्याला सांभाळायला त्यांनी रोशनीला घरी ठेवलं होतं. आम्ही किती विनवलं, ते जाळं विणत राहिले. वर बघितलंसुद्धा नाही.

आम्ही निघालो तर नऊ वर्षांची रोशनी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मागं आली. कानाशी येऊन म्हणाली, "बाई, बाबाले सांगा ना, शाळेत नाई धाडलं त पोलीस धरून नेते म्हणून."

कायद्यात असं काही नाही. पोरांना शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य आहे, एवढंच लिहिलंय. मी तरी परत गेले आणि सांगितलं. त्यांच्या हातातली सुई थांबली.

दुसऱ्या दिवसापासून रोशनी शाळेत, माझ्याच वर्गात. एक खाडा नाही. बाबा रोज फाटकापर्यंत सोडायचे, मला दिसले की हात जोडायचे. मला ते बघवायचं नाही. वाटायचं, खरं सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं आणि उद्या ही आलीच नाही तर?

पावसाळ्यात एक दिवस मी हजेरी घेत होते. रोशनीचं नाव घेतलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा घेतलं, तर दारातून पुरुषाचा आवाज आला, "हजर हाये जी."

बाबा ओलेचिंब उभे होते. पाठीवर रोशनी, घोंगड्यात गुंडाळलेली. मी कपाळाला हात लावला, चटका बसला. तिला डोळे उघडवत नव्हते.

बाबा माझ्या हातातल्या पेनाकडं बघत होते.

"लिवलं का, बाई? मंग आता नेऊ का हिले दवाखान्यात?"