बॅटरी काढून मोजलेली चाकं

माधवनगरात एका बंद मिलच्या मागं सिमेंटचा लांब ओटा आहे. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण तिथं रिमोटच्या गाड्या पळवतो. त्यातला एक ट्रकच्या चाकांचं अलाइनमेंट करणारा गॅरेजवाला. त्याचं-माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. मी मेकॅनिकलचा पदवीधर, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी सांगतो, लपवत नाही. त्याला तेच खुपायचं.

"डिगरीनं चाकं सरळ हुत न्हाईत, गड्या," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "लाव पैज. हरंल त्यानं गाडीची बॉडी द्यायची."

बॉडी म्हणजे गाडीवरचं रंगवलेलं कवच; आमच्यात ते देणं म्हणजे नाक कापून देणं. माझी मी तीन आठवडे खपून रंगवली होती. तरी म्हणालो, "लावली." खडूच्या दोन रेघांमधून गाडी सोडायची, स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

घरी फरशीवर गाडी ठेवून पुढच्या दोन चाकांमधलं अंतर व्हर्नियरनं पुढून मोजलं, मागून मोजलं. केसाएवढाही फरक ठेवला नाही. तो नुसता चाकांना दोरा लावून बघतो म्हणे. मला हसू आलं.

पुढच्या रविवारी ओट्यावर त्याची गाडी सरळ गेली. माझी निम्म्यातच डावीकडं वळून रेघ ओलांडून गेली.

त्यानं माझी गाडी जमिनीवर ठेवली, वरून दोनदा दाबली, आडवं होऊन चाकांकडं बघितलं. "मोजताना बॅटरी आत हुती का रं?"

नव्हती. चार्जिंगला लावली होती.

"मोकळा ट्रक मोजलास आन भरलेला पळीवलास व्हय! कालेजात वजन शिकवत न्हाईत वाटतं." सगळे खिदळले.

बॅटरी डाव्या अंगाला बसते. तिच्या वजनानं त्या बाजूची स्प्रिंग दबते आणि चाकाचं तोंड बाहेर वळतं. हे मला त्याच्याआधी कळायला हवं होतं. मी बॉडी काढून दिली. त्यानं ती गॅरेजच्या दारात टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

आठवडाभरानं बॅटरी घालून, गाडी दाबून, पुन्हा मोजलं आणि पैज मी लावली. त्या सकाळी त्याची गाडी भिंतीला धडकली होती, पण गडी तोऱ्यात. दोरा न लावताच सोडली. माझी बोडकी गाडी सरळ गेली, त्याची रेघेबाहेर.

"ओटाच वाकडा हाय," तो म्हणाला.

"गेल्या रविवारी सरळ होता."

त्याची बॉडी आमच्या बाहेरच्या खोलीत, डिग्रीच्या फ्रेमशेजारी टांगलीय. बाकीचे म्हणतात, बदलाबदली करा. तो करत नाही, मीही नाही. बॅटरीचं त्यानं सांगितलं, हे खरं. त्याबद्दल आभार मानलेले नाहीत, मानणारही नाही.