गोलकीपरला मी दिलेली श्रेणी

वर्ल्ड कपला अजून वर्षभराहून जास्त वेळ होता. दोहात काल होता तो रस्ता आज नसायचा आणि जिकडे बघावं तिकडे क्रेन. आम्ही मराठी माणसं मात्र मुऐदर भागातल्या एका शाळेचं मैदान भाड्याने घेऊन दर शुक्रवारी आमचीच फुटबॉल स्पर्धा खेळवत होतो. सहा संघ. खेळाडू बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे, कंपन्यांच्या कॅम्पात राहणारे, कुणी वेल्डर, कुणी दुकानात सेल्समन. बघायला नाशिक-पुण्याचे इंजिनिअर, त्यांच्या बायका, आणि ‘पप्पा, कॅन वी गो होम?’ म्हणणारी त्यांची मुलं.

मी एकवीस वर्षांची होते. कोरोनाने पुण्यातलं कॉलेज बंद पाडलं, हॉस्टेल रिकामं केलं, म्हणून आईवडिलांकडे परत आले होते. पुण्यात दोन वर्षं मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिली होती. मेसमधल्या मावश्या, गेटवरचे वॉचमन, झाडूवाल्या, सगळ्यांसाठी भांडले. लिहायला शिकवलं ते एका सिनिअर ताईने. वाक्य आखूड ठेव, शेवटी डंख ठेव, आणि खाली स्वतःचं नाव कधी टाकू नको. ते मी नीट शिकले होते. जरा जास्तच नीट.

स्पर्धेआधी ड्राफ्ट व्हायचा. सगळ्या खेळाडूंची यादी फळ्यावर, कप्तानांनी चिठ्ठ्या काढायच्या, आणि पाळीपाळीने एकेक माणूस उचलायचा. ड्राफ्ट झाला की समर्थकांचं प्रगतीपुस्तक निघायचं. हे आमच्या लोकांचं खास. शाळेत असायचं तसं: खेळाडू, श्रेणी, शेरा. प्रत्येक संघाचे समर्थक आपल्याच कप्तानाच्या निवडी तपासायचे आणि ते पान व्हॉट्सॲपवर फिरायचं. मी यायच्या आधी शेरे अगदीच मिळमिळीत असायचे. ‘प्रयत्न चांगला’, ‘अजून सराव हवा’. मी लिहायला लागले आणि आमच्या संघाचं पुस्तक पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालच्या कॅम्पापर्यंत जायला लागलं. लोक वाट बघायचे. बाबा ऑफिसात सांगायचे, ‘आमची पोरगी लिहिते ते.’ पानाखाली फक्त ‘समर्थक मंडळ’ एवढंच असायचं.

त्याच दिवसांत मी आणखी एक काम करत होते. पुण्यातल्या आमच्या गटाला इथल्या बांधकाम कामगारांवर पुस्तिका काढायची होती. उन्हातलं काम, बसचा प्रवास, एका खोलीत किती जण राहतात, हे सगळं मी वहीत उतरवत होते. मुलगी म्हणून कॅम्पात जाता यायचं नाही, म्हणून मैदानावरच माणसं गाठायची.

ड्राफ्टच्या आदल्या शुक्रवारी चाचणीचा सामना झाला. तो संपल्यावर कुंपणाच्या भिंतीशी एक गोलकीपर हातमोजे काढत बसला होता. राजापूरकडचा, पस्तिशी उलटलेला, बांधकामावर परांच्या बांधायचं काम करणारा. मी वही उघडून शेजारी बसले.

“काम कसं आहे, दादा?”

“काम बरं हाय.”

“साहेब?”

“सायब पन बरा हाय. तू काय पोलीस हायस काय गो?”

“नाही हो. पुस्तिका काढतोय आम्ही.”

“मग लिव, भात कच्चा असतो. ता पयला लिव.”

मी लिहिलं. तो हसला. कागदी कपातला कडक चहा त्याने अर्धा प्यायला, उरलेला मातीत ओतला, आणि मी काहीच विचारलेलं नसताना स्वतःहून बोलायला लागला. दोन महिन्यांपूर्वी परांचीवरच्या दोन फळ्यांमध्ये पाय अडकून गुडघा पिरगळला होता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

“चडताना काय नाय. उतरताना जीव जातो.”

“मग डॉक्टरला दाखवा ना.”

“दाकवला की तो लिवनार. लिवलान की वरचा काम खलास. आनि खाली माज्यासाटी काम कुटं हाय? सरळ तिकीट हातात देतील.” मग माझ्या वहीकडे बघून म्हणाला, “कुनाला बोलू नको हां, बाय. तुमच्या कप्तानाला ठावं हाय, बास.”

“नाही बोलणार, दादा.”

मी वहीत ते सगळं लिहिलं, खाली ‘नाव नको’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं, आणि मला फार जबाबदार वगैरे वाटलं.

आमचा कप्तान त्याच्याच शेजारच्या वाडीतला. सूक वाकिफच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात कामाला. दोघं एकाच वर्षी कतारला आलेले, पहिली काही वर्षं एकाच ताटात जेवलेले. ड्राफ्टच्या दिवशी तिसऱ्या फेरीत आमची पाळी आली तेव्हा रायगडचा एक स्ट्रायकर अजून फळ्यावर होता. वाऱ्यासारखा पळायचा. सगळे ओरडत होते, ‘यल्ला, घे त्याला!’ कप्तानाने गोलकीपरचं नाव घेतलं.

मी उभी राहिले. “कप्तान, डोकं ठिकाणावर आहे का?”

“तू तुजा पुस्तक लिव. टीम मी बगतो.”

सगळा हॉल हसला. मी लालबुंद झाले. त्या क्षणी मला तो भिंतीशी बसलेला माणूस आठवला नाही. मला आठवला फक्त गुडघा. ह्यांना सगळ्यांना वाटतंय मी उगाच बडबडतेय, आणि मला ठाऊक आहे की ही निवड फुकट गेली. माहिती हातात असलेल्या समर्थकाएवढं हलकं माणूस दुसरं नसतं. तासाभरात प्रगतीपुस्तक ग्रुपवर गेलं. गोलकीपरच्या नावापुढे मी लिहिलं होतं:

‘श्रेणी: ड. शेरा: हात देवाने दिलेत, गुडघा परांचीने नेलाय. उतरताना पाहा.’

आखूड वाक्यं, शेवटी डंख. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी ती मोजत नव्हते असं म्हणवत नाही.

त्याच्या कंपनीतला सेफ्टी सुपरवायझर आमच्याच संघाचा समर्थक होता. नाशिकचे काका, बाबांच्या ओळखीचे, दिवाळीला घरी येणारे. ते त्याच साइटवर आहेत हे मला माहीत नव्हतं. विचारायला काय झालं होतं? त्यांनी शेरा वाचला आणि रविवारी गोलकीपरला तपासणीला पाठवलं. डॉक्टरने उकिडवं बसायला सांगितलं, तो बसला. उठायला सांगितलं, तर टेबलाचा आधार घ्यावा लागला. उंचीवर काम करायचं कार्ड त्याच दिवशी काढून घेतलं. मग त्याला स्टोअरमध्ये हेल्मेटं वाटायला बसवलं, आणि पंधरवड्यात सांगितलं, करार वाढवणार नाही, तिकीट काढतोय.

हे सगळं मला बाबांकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. तपासणीनंतरच्या शुक्रवारी मैदानावर लोक कौतुक करत होते. “काय नजर आहे पोरीची! लांबून गुडघा ओळखला!” बाबा बाजूला उभे होते, खूश. मी नुसती हसले.

कप्तान माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

“तो माज्याशी बोलत नाय. त्याला वाटतंय मी बोललो. मला एकट्यालाच ठावं होतं ना.” मग म्हणाला, “तुला कसा दिसला गो? तो लंगडत पन नव्हता.”

“चालताना बघितलं,” मी म्हणाले.

खोटं. मी मावश्यांसाठी रेक्टरच्या तोंडावर खरं बोलले होते, पोलिसांपुढे बोलले होते, आणि त्यासाठी लोक माझी पाठ थोपटायचे. इथे समोर मसाल्याच्या दुकानातला एक माणूस होता, मला काही करू शकत नव्हता, आणि मी खोटं बोलले. पुढचे दोन शुक्रवारही गप्प बसले. घरी मात्र मालकांवर, करारांवर, दुखापत झाली की माणसाला परत पाठवणाऱ्या पद्धतीवर तावातावाने बोलत होते. ते सगळं खरंच होतं. आणि ती पद्धत मला आधीपासून माहीत होती. त्याने मला तेच तर सांगितलं होतं, म्हणूनच गप्प राहा म्हणाला होता.

तिसऱ्या शुक्रवारी तो संघाची जर्सी परत द्यायला आला. धुऊन, घडी करून, पिशवीत घालून. मी फाटकाशी त्याला अडवलं.

“दादा, कप्तान काही बोलला नाही. मी लिहिलं. तुम्ही मला सांगितलं होतं, ते मीच लिहिलं.”

“तू?”

“हो.”

“ता पुस्तकवाला तू लिवतेस?”

त्याला ते माहीतच नव्हतं; ड्राफ्टच्या दिवशी तो कामावर होता. समर्थक मंडळ म्हणजे कुणी इंजिनिअर बाप्ये असतील असं तो समजत होता. मी घाईघाईने पुढे बोलत सुटले, की कामावर झालेली दुखापत आहे, जबाबदारी कंपनीची आहे, मी पत्र लिहिते, दूतावासात देऊ, पुण्याहून लोक आवाज उठवतील.

“बास,” तो म्हणाला. “जाम लिवलंस. आता लिवू नको.” पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली. “तीन आठवडे मी त्या मानसाचा फोन उचलला नाय. त्याला मी काय काय बोललो तुला ठावं हाय? मला काय सांगतेस? त्याला जाऊन सांग.”

कप्तान गोलच्या मागे जाळी बांधत होता. मी तिथे जाऊन त्याला सांगितलं, वहीचं, भिंतीशी झालेल्या बोलण्याचं, आणि ‘चालताना बघितलं’ म्हणाले होते त्याचंही. तो गाठ मारायचा थांबला नाही.

“जिथं लिवलंस तिथंच लिव,” तो म्हणाला. “खाली नाव घाल.”

चार ओळी लिहायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. डंख कुठे ठेवायचा तेच कळेना, कारण ह्या वेळी तो कुणाला मारायचा नव्हता. शेवटी साधं लिहिलं: गुडघ्याची गोष्ट त्यांनी मला विश्वासाने सांगितली होती, कप्तानाने नाही फोडली, मी फोडली. खाली नाव. आयुष्यात पहिल्यांदा.

उत्तरं आली. ‘अगं, एवढं काय त्यात.’ ‘मनाचा मोठेपणा.’ एका काकांनी तर मलाच श्रेणी दिली, अ, शेरा: प्रामाणिक. मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. बाबा जेवताना फक्त एवढंच म्हणाले, “आधी सांगायचंस.” नाशिकचे काका मात्र घरी आले.

“बाळा, मनाला लावून घेऊ नको. उद्या तो वरून पडला असता तर? खाली चार माणसं असतात. वाचल्यावर मी न वाचल्यासारखं कसं करायचं?”

ते बरोबर होते, आणि तेच मला सहन होत नव्हतं. तो पडू शकला असता, ही भीती शेरा लिहिताना माझ्या मनात एकदाही आली नव्हती. ती असती तर मी त्याच्याशी बोलले असते, भांडले असते, मार्ग शोधला असता. मी माणसाच्या दुखण्याचा विनोद केला, आणि त्यातून कुणाचा जीव वाचला असेलच, तर ते पुण्य माझ्या खात्यावर लावू नका. काकांना मी एवढंच म्हणाले, “खाली काम नव्हतं का त्याला एकही?” काका चहा प्यायले आणि उठले.

गोलकीपर गावी गेला. विमानतळावर कप्तानाने सोडलं, दुकानमालकाची गाडी मागून घेऊन. दोघं पुन्हा बोलायला लागले होते एवढं मला कळलं. काय बोलले ते विचारायचा हक्क मला नव्हता.

पुण्यातली पुस्तिका निघाली. त्यात त्याचं बोलणं नाही. ताई म्हणाली होती, “सगळ्यात जोरदार तेच आहे, नाव बदलून टाक ना.” मी नाही दिलं. त्याबद्दलही मला शाबासकी नको.

हे लिहायच्या आधी मात्र मी कप्तानाकडून नंबर घेतला आणि राजापूरला फोन केला. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. तो आता गावात मंडप बांधायची कामं घेतो. मी सांगितलं, असं असं लिहायचंय, तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार. त्याने आधी कोंबड्या हाकलल्या.

“लिव,” तो म्हणाला. “पन गुडग्याचाच नको लिवू. ह्या टायमाला खेळ पन लिव.”

तर लिहिते. चाचणीच्या त्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत त्याच्यावर पेनल्टी होती. मारायला तोच रायगडचा स्ट्रायकर. गोलकीपर मधोमध उभा राहिला, हात खाली सोडून, जणू बसची वाट बघतोय. चेंडू त्याच्या उजव्या हाताला, अगदी खांबाजवळ गेला. तो लगेच उडाला नाही. लांब एक पाऊल टाकलं, दुखऱ्याच पायावर असणार, आणि जमिनीला समांतर होऊन बोटांच्या टोकांनी चेंडू खांबाबाहेर ढकलला. मग आडवा पडून राहिला, सगळ्यांना वाटलं दमलाय. कप्तान बाजूच्या रेषेवर उभा होता, त्याने टाळी वाजवली नाही, फक्त मान डोलावली. त्याने तिसऱ्या फेरीत का घेतलं त्याचं उत्तर तेवढंच होतं.

मी रेषेपासून दहा पावलांवर होते. मी ते पाहिलं होतं. प्रगतीपुस्तकात त्याचा एक शब्दही नव्हता.