सहाशे बारा दारं

सगळे त्यांना पोस्टआत्या म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण खालच्या वस्तीत ते कुणाला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एकाच भागात टपाल वाटलं. सातवीपर्यंत शिकलेल्या, अंगाने काटकुळ्या, चालीला भराभरा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी नऊ वाजले की पाय शिवशिवायचे, म्हणून उगाच एक फेरी मारून यायच्या. सून चिडवायची, "आत्ता कोणाचं पत्र राहिलं, सासूबाई?"

मी नगरपालिकेच्या सभागृहात इतिवृत्त लिहायचे. कोण काय बोललं, कोणी ठराव मांडला, कोण तावातावाने उठून गेलं, सगळं टिपायचं. अठरा वर्षं तेच काम केल्यावर माणसाला भाषणांचं काही वाटेनासं होतं. त्या दिवसापर्यंत मलाही वाटत नव्हतं.

विषय होता नव्या प्रभाग रचनेचा. शहराचे प्रभाग नव्याने आखले जाणार होते आणि वस्तीसुधारणेचा निधी प्रभागागणिक मिळणार होता. प्रभाग व्हायला तीन हजार माणसं हवीत. खालच्या वस्तीत मोजणीदारांना तीनशे अठ्ठ्याऐंशी दारं सापडली आणि जेमतेम एकोणीसशे माणसं. म्हणून वस्तीचे तीन तुकडे करून ते शेजारच्या तीन प्रभागांना जोडायचं ठरत होतं. दोन घरचा पाहुणा उपाशी, इथे तर तीन घरं. हलणारे जिने, तुंबलेली गटारं, चाळीस घरांत एक नळ, यातलं काय कोणाच्या वाट्याला येणार आणि कोण त्यावर पैसे घालणार?

हरकतींच्या सुनावणीला सकाळी अकरापासून रांग होती. सभापती म्हणजे पूर्वीचे मुख्याध्यापक, वेळेचे भलते कडक. प्रत्येकाला पाच मिनिटं, मग घंटा. पहिले चार-पाच जण रागावून बोलले, एक बाई रडल्या. समोर वरच्या प्रभागाचे नगरसेवक बसले होते, पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "भावना मला समजतात हो. पण प्रभाग भावनेवर आखता येत नाही. आकडा द्या."

तेवढ्यात पोस्टआत्यांचा क्रमांक आला. हातात कागद नव्हता. ध्वनिक्षेपक त्यांच्या कपाळाशी आला, तो शिपायाने खाली केला.

"आकडा मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दारं माहीत आहेत. सांगू का?"

"सांगा," सभापती घड्याळाकडे बघत म्हणाले.

"नाक्यावरून आत शिरलं की डाव्या हाताला एक नंबर. शिवणकाम करणारे, नवराबायको, तीन मुली, आजोबा. सहा. त्याच्या मागे पत्र्याच्या दारातून गेलं की एक नंबर मागचा. दोघी बहिणी. दोन. वर माळ्यावर रंगारी, त्याची आई, बायको, तान्हं मूल. चार. दोन नंबर..."

नकाशाच्या टेबलाशी बसलेल्या अभियंता मुलीने मान वर केली. मोजणी तिच्याच खात्याने केली होती. तिने नकाशा पाहिला. त्यावर एक नंबर होता. मागचा नव्हता. माळाही नव्हता. तिने पेन्सिल उचलली.

आत्यांचा आवाज चढा नव्हता, थांबत नव्हता, घाईतही नव्हता. मी लिहीत होते आणि मध्येच माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. ते हलत होते. जागच्या जागी, एक पाऊल, दुसरं पाऊल. गल्ली वळली की त्या किंचित वळायच्या. जिना आला की थांबून श्वास घ्यायच्या आणि मगच वरच्या मजल्यावरची माणसं सांगायच्या. त्या बाई सभागृहात नव्हत्याच. त्या वस्तीतून चालत होत्या आणि आम्हा सगळ्यांना मागे घेऊन निघाल्या होत्या.

घंटा वाजली. त्या सव्वीस नंबरला पोचल्या होत्या.

"वेळ संपली, बाई," सभापती म्हणाले. त्यांनाच ते म्हणायला जड गेलं.

रांगेतला पुढचा माणूस, इस्त्रीवाला, जागेवरूनच म्हणाला, "साहेब, माझी पाच मिनिटं आत्याला."

सभापतींनी नियमांचं पुस्तक चाळलं. याला मनाई करणारं त्यात काही सापडलं नाही, निदान त्यांनी फार शोधलं नाही. "ठीक आहे. पुढे बोला."

मग प्रत्येक घंटेला एकेक जण उठत गेला. "माझी आत्याला." "आमचीपण." मघाशी रडलेल्या बाईंची लेक, पाव भाजणारा, दोन कॉलेजातल्या मुली. तेवीस जणांनी आपलं बोलणं सोडून दिलं. त्यांतले कितीतरी भाषण लिहून घेऊन आले होते.

डॉक्टरांनी आता मतदारयादी मागवली होती आणि त्यावर बोट ठेवून ऐकत होते. अठ्ठेचाळीस नंबरला त्यांनी आत्यांना अडवलं.

"इथे पाच नावं आहेत. तुम्ही तीन म्हणालात."

"नावं पाचच आहेत. धाकटे दोघं भाऊ चार वर्षांपूर्वी बंदरावर कामाला गेले. त्यांची पत्रं तिकडे मीच वळवायचे. त्यांना मोजू नका."

मागून कुणीतरी कळवळून ओरडलं, "अहो आत्या, आपलीच माणसं कशाला कमी करता?"

आत्यांनी मागे वळून पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचे पाय थांबले. "खोट्या माणसांच्या जिवावर खरी गटारं येत नाहीत रे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चालू लागल्या. एकोणपन्नास नंबर.

डॉक्टर काही वेळाने म्हणाले, "तुम्हांला एवढं घरातलं कसं ठाऊक? लोकांची पत्रं वाचत होतात काय?"

"पत्ता वाचायचा असतो, डॉक्टर. पत्र नाही. पण दार उघडायला कोण येतं ते दिसतं ना."

सभागृह हसलं. डॉक्टरही हसले, पण बोट यादीवरून काढलं नाही. पुढच्या तासाभरात त्यांनी आत्यांना अकरा वेळा अडवलं आणि अकराही वेळा यादीच खोटी ठरली.

जेवणाची सुट्टी होऊन गेली, कोणी उठलं नाही. शेवटच्या गल्लीत एका दारापाशी आत्यांचा आवाज बसला.

"तीनशे सत्तर नंबर. इथे..." त्यांनी पाणी मागितलं. सुनेने पुढे होऊन बाटली दिली. "इथे कोणी नाही. गेल्या गुरुवारपर्यंत एक बाई राहायची. दारात सडा शिंपडायची आणि मला चहाला थांबवायची. आता कुलूप आहे. शून्य."

त्या पुढे निघाल्या तेव्हा मी डोळे पुसत लिहीत होते, त्यामुळे पुढची तीन घरं मला नंतर अभियंता मुलीकडून उतरवून घ्यावी लागली.

"...आणि नदीकडच्या भिंतीला लागून शेवटचं. पंप सांभाळणारा आणि त्याचा मुलगा. दोन. संपलं."

बाकावर बसताना त्यांनी गुडघे धरले. दोन तास झाले होते.

अभियंता मुलगी उभी राहिली. तिचा नकाशा पेन्सिलीच्या खुणांनी भरून गेला होता. "सहाशे बारा दारं," ती म्हणाली. "दोन हजार नऊशे एकाहत्तर माणसं."

एकोणतीस कमी. सभागृहात एक सुस्कारा फिरला. ते बंदरावरचे भाऊ, लग्न होऊन गेलेल्या लेकी, परगावी शिकणारी पोरं, आत्यांनी जी जी नावं स्वतःच्या तोंडाने वगळली ती धरली असती तर आकडा सहज पुढे गेला असता. हे प्रत्येकाला कळलं होतं. आत्या म्हणाल्या, "तेवढीच आहेत. मी काय करू?"

"नियमात दहा टक्के कमी-जास्त चालतं," मुलगी सावकाश म्हणाली. "आमची संख्या त्यात बसत नव्हती. ही बसते. आम्ही रस्त्यावर उभं राहून दारं मोजली, सर. आत गेलो नाही. चूक आमची आहे."

अठरा वर्षांत कोणत्याही खात्याने भर सभेत हे वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग डॉक्टर उठले. "माझा विरोध अजूनही आहे," ते म्हणाले. "निधी तेवढाच आहे, वाटेकरी वाढले तर माझ्या प्रभागाला कमी येणार. पण चुकीच्या आकड्यावर मी हात वर करणार नाही. फेरमोजणी व्हावी, आणि ती या बाईंना बरोबर घेऊन व्हावी, असा ठराव मी मांडतो." ठराव एकमताने झाला.

फेरमोजणी अकरा दिवस चालली. आत्या पुढे, मुलगी आणि तिचे मोजणीदार मागे. अधिकृत संख्या निघाली दोन हजार नऊशे त्र्याहत्तर. आत्यांचा चेहरा पडला. "दोन कुठली चुकली?" रात्रभर घोकून घोकून त्यांनी सुनेला वैताग आणला. दुसऱ्या दिवशी कळलं, रंगाऱ्याच्या शेजारणीला मोजणीच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात जुळं झालं होतं आणि अभियंता मुलीने ते आकड्यात धरलं होतं. आत्या दोन टोपडी घेऊन गेल्या.

अंतिम मतदान चुरशीचं झालं. एकतीस विरुद्ध सव्वीस. डॉक्टरांनी विरोधात मत दिलं, शब्दाप्रमाणे. वस्ती एकसंध राहिली. पहिल्या वर्षी फक्त गटारं आणि जिने झाले. घरांचा विषय अजून दर अंदाजपत्रकाला भांडणात अडकतो, पण आता भांडायला वस्तीचा स्वतःचा नगरसेवक आहे. तो म्हणजे तोच इस्त्रीवाला.

इतिवृत्त सारांशाने लिहायचा नियम आहे. सचिवांनी माझा मसुदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बाई, एकेचाळीस पानं? 'नागरिकांनी माहिती दिली' एवढं लिहा की!"

मी म्हटलं, "कुठलं दार गाळू ते तुम्ही सांगा."

ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग कागद सभापतींकडे पाठवले. सभापतींनी प्रत्येक पानावर सही केली.