उंबऱ्याच्या आतली मास्तरीण

अमरावतीत मी स्कूटरवर फिरते, मुख्याध्यापकांशी भांडते, भाजीवाल्याने जुडीत सडकी मेथी लपवली तर ती त्याच्याच टोपलीत परत फेकते. आणि बार्शीटाकळीला बस थांबली की डोक्यावर पदर घेते. सासरचं गाव तिथून पुढे तीन कोसांवर, तरी पदर स्टँडवरच. एकोणीस वर्षं हे दोन अवतार मी बिनबोभाट चालवले. दोन्हीकडे शाबासकी मिळत होती आणि शाबासकीची मला फार भूक.

पदर होता तो भासऱ्यांसाठी. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या घरात धाकट्या सुनेने भासऱ्यांसमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, चुकूनसुद्धा त्यांना शिवायचं नाही. ते अंगणातूनच खाकरत आणि मी आत सरकत असे. काही सांगायचंच झालं तर मध्ये थोरली जाऊ. मी दाराआडून सगळं ऐकलेलं असलं तरी ती आत येऊन पुन्हा सांगणार, "भाजीत मीठ कमी हाय म्हणते." मी म्हणायची, "उद्या जास्त टाकीन म्हणाव." मग ती तो निरोप घेऊन चार पावलं बाहेर जाणार. एका घरातली धडधाकट माणसं असं बोलत होती आणि कोणाला हसू येत नव्हतं.

एका हिवाळ्यात आमच्या शाळेत एक डॉक्टरीणबाई रबरी बाहुला घेऊन आल्या. माणसाचं हृदय बंद पडलं तर काय करायचं ते शिकवायला, म्हणजे सीपीआर. निम्म्या मास्तरांनी सह्या ठोकल्या आणि ते गिला वडा खायला पसार झाले. मागे राहिलेल्यांतल्या एकाला बाहुल्याच्या छातीवर हात ठेवताना हसू आवरेना. मी मात्र घाम फुटेस्तोवर शिकले. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, दोन इंच खोल, मिनिटाला शंभराच्या वर, तीस-तीसच्या खेपांनी मोजत. बाई म्हणाल्या, "तुमच्या आजूबाजूचे लोक नशीबवान आहेत." त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र मी फ्रेम करून स्टाफरूममध्ये टांगलं, वडे खाणाऱ्यांच्या नाकासमोर.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, आम्ही गावी होतो. सकाळी न्याहारीच्या वेळी भासऱ्यांनी जावेला सांगितलं, म्हणजे मला ऐकू जाईल असं सांगितलं, "मास्तरीणबाईले पोरं शिकवता येते, भाकर नाई येत." मग थोड्या वेळाने तिलाच हळू म्हणाले, "गॅस झाला वाटते. डावा खांदा ओढून राह्यला." डावा खांदा म्हटल्यावर माझे कान टवकारले. बाहुल्यासोबत हेही शिकवलं होतं. पण भाकरीचा राग ताजा होता. मी ओवा आणि काळं मीठ गरम पाण्यात घालून पेला जावेच्या हाती दिला. त्यांच्या बीपीच्या गोळ्या कोनाड्यात तशाच होत्या. बरं वाटलं की ते गोळ्या बंद करत, आणि सगळं घर त्याला तब्येत सुधारली म्हणत असे.

दुपारी नवरा कूलरची मोटर घेऊन अकोल्याला गेला होता. भासरे अंगणातल्या लिंबाखाली शेजारच्या तिघा-चौघांसोबत बसले होते. बोलता बोलता ते बाजेवरून सरळ खाली आले, कपाळावर. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

आमच्याकडे मे महिन्यात माणूस पडला की निकाल ठरलेला असतो. "ऊन लागलं!" एकाने ओरडून सांगितलं आणि सगळे कामाला लागले. कांदा फोडून नाकाला लावला. डोक्यावर पाणी ओतलं. जाऊ धावत गेली, पायाशी बसली आणि कांद्याचा दुसरा अर्धा तळव्यांना घासायला लागली. भासऱ्यांच्या घशातून थांबून थांबून घोरल्यासारखा आवाज येत होता. शेजारचे काका खुशीत म्हणाले, "श्वास चालू हाय, घोरून राह्यले! आराम पडू द्या त्यायले."

तो श्वास नव्हता. बाईंनी तो आवाज तोंडाने काढून दाखवला होता आणि बजावलं होतं, हे घोरणं नाही, हे हृदय थांबल्यावरचे आचके, याला फसू नका. त्या अंगणात हे एकटीला माहीत होतं. मला.

मी उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकला. काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी पाय आत घेतला.

पण सगळं काकांच्या माथी मारू नये. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. 'मी शिवायचं नाही ना? तुम्हीच आखलेली रेघ आहे. आता भोगा.' हे आलं. ते क्षणभरच राहिलं असेल, पण मला त्यातून थोडं बरं वाटलं. मग मी दाराची चौकट धरून मनातल्या मनात तीस मोजले. पुन्हा तीस. हात चौकटीवरच. चौथ्या की पाचव्या खेपेला घोरणं थांबलं आणि काका म्हणाले, "झोप लागली."

जीपमधून अकोल्याला नेईपर्यंत पाऊण तास गेला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "पडल्यावर कोणी छाती दाबली का? कोणालाच येत नव्हतं?" पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. मी जावेला धरून मागे उभी होते, पदर नाकापर्यंत. पदराआडचं तोंड कोणाला दिसतं? नवरा धावत आला तेव्हा डॉक्टर त्याला तेच सांगत होता, "लगेच केलं असतं तर सांगता येत नाही, वाचलेही असते." ते 'सांगता येत नाही' मी अजून माझ्या बीपीच्या गोळीसोबत रोज सकाळी गिळते.

तेरवीला बायकांनी माझं कौतुक केलं. माझ्यासमोर, मोठ्याने. "शिकलेली हाय, नोकरीवाली हाय, पण भासरा पडला तरी पदर ढळू नाई देला!" मी पंगतीत बुंदी वाढत होते. खाली मान घालून मी ते कौतुक घेतलं, जसं प्रमाणपत्र घेतलं होतं.

तीन वर्षांनी मी डॉक्टरीणबाईंकडून तोच बाहुला मागून घेतला आणि गावात नेला. प्रायश्चित्त म्हणा, किंवा पुन्हा शाबासकीची भूक म्हणा. शाळेच्या वर्गात पुरुष आले नाहीत, बचत गटाच्या बायका आल्या. पहिल्या रांगेत जाऊ. मी पदर कमरेला खोचून करून दाखवलं, आचके कसे येतात तेही तोंडाने काढून दाखवलं. तो आवाज ऐकून जावेचा चेहरा बदलला.

"हे तुले कवापासून येते व?" तिने विचारलं.

खोटं अगदी ओठावर होतं. यंदाच शिकले, एवढंच म्हणायचं होतं.

"त्याच्या आधीपासून," मी म्हणाले.

ती ओरडली नाही. उठली, बाहुल्याजवळ गुडघे टेकले आणि छातीवर हात ठेवले. मी सवयीने तिचं कोपर सरळ केलं. तिने दाबायला सुरुवात केली. तीस झाले, मी थांबा म्हटलं, ती थांबली नाही. बांगड्या खळखळत होत्या. कितीतरी वेळाने ती मागे बसली आणि पदराने तोंड पुसलं.

"तू त्यायले शिवू शकत नोती, ते मले समजते," ती दम खात म्हणाली. "पण मी त बायको होती न त्यायची. मले कोण अडवणार होतं? पायाजवळच बसून कांदा घासून राह्यली होती मी. मले काहून नाई सांगतलं?"

एकोणीस वर्षं मिठाचेसुद्धा निरोप मी हिच्याचकडून पाठवले होते. त्या दुपारी ती दारापासून दहा पावलांवर होती, आणि तिला हाक मारावी हे मला सुचलंच नव्हतं.