मेजर ब्रेमरची सोळा वर्षं

माझी धाकटी लेक उत्तरा मिशिगनमध्ये ट्रॉयला राहायची. शेजारी वॉल्टर ब्रेमर नावाचे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पाठीत वाकलेले, तरी आठवड्यातून दोनदा हिरवळ कापणारे. ही हकीगत त्यांच्या पणजोबांची. पणजोबा प्रशियाच्या राजाच्या फौजेत मेजर होते आणि म्हातारपणी मिशिगनला येऊन वारले. ऑस्ट्रियाविरुद्धच्या लढाईत त्यांनी पलटणीचं निशाण वाचवलं, त्यात गुडघा गेला, असं घराण्यात चालत आलेलं. वाचवलं तर वाचवलं, आपलं काय जातं! पण २००४ च्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो होतो, तेव्हा वॉल्टरच्या तळघरात एक पत्र्याची पेटी निघाली आणि पेटीत मेजरच्या जर्मन रोजनिशीच्या वह्या.

वॉल्टर पेटी घेऊन थेट आमच्याकडे आले. कारण उत्तरा लग्नाआधी पुण्यात एका संस्थेत जर्मन शिकवायची. ट्रॉयला आली ती नवऱ्याच्या, शंतनूच्या, व्हिसावर, आणि त्या व्हिसावर तिला नोकरीची परवानगी नव्हती. पाच वर्षं झाली. पुण्याच्या त्या संस्थेने दोनदा परत बोलावलं, दोनदा तिने 'ग्रीन कार्डचं झालं की बघू' असं कळवलं. आता तिसऱ्यांदा पत्र आलं होतं: ऑगस्टअखेर हो-नाही सांगा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. तिने ते वाचलं आणि भाजी चिरायला घेतली. चेहऱ्यावर काही नाही. हल्ली नसायचंच.

वही उघडून ती म्हणाली, "बाबा, भाषा येते मला, पण अक्षरच लागत नाही. नुसती वळवळ दिसतेय."

मी बघितलं आणि मला हसूच आलं. ही तर जर्मनांची मोडी! आमच्या शाळेत भाऊसाहेब मास्तर मोडी शिकवायचे. ते म्हणायचे, सुरुवातीला मजकुराच्या वाटेला जाऊ नका. आधी तारीख धरा, वार धरा, मायना धरा, जे रोज तेच असतं ते. तेवढी अक्षरं हाती लागली की बाकीची आपोआप बोलतात. उत्तराने तसंच केलं. सोमवार, मंगळवार, पाऊस, कवायत. आठ दिवसांत बाई घडाघडा वाचायला लागली.

मेजर, म्हणजे एडुआर्ड ब्रेमर, जंगलाच्या रखवालदाराचा मुलगा. सतराव्या वर्षी फौजेत गेला. एकोणिसाव्या वर्षी लेफ्टनंट झाला आणि मग लेफ्टनंटच राहिला. लढाई नाही, वरचे मरत नाहीत, तर खालचे चढणार कसे? सरहद्दीवरच्या एका किल्ल्यात सकाळी कवायत, दुपारी बुटांची तपासणी, संध्याकाळी पुन्हा कवायत. चोविसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. मुलगी लुईज, खोगीर शिवणाऱ्याची लेक. पण अधिकाऱ्याला लग्नाला राजाची परवानगी लागायची. पोरगी दर्जाची नाही म्हणून परवानगी नाकारली. पुढच्या नववर्षाला त्याने पुन्हा अर्ज केला, त्याच्या पुढच्याला पुन्हा. अर्जाची नक्कल वहीत असायची, शब्दन् शब्द तोच. खाली लुईजला लिहिलेली एक ओळ: अजून एक वर्ष.

शंतनू एकदा सोफ्यावरून म्हणाला, "काय पेशन्स होता यार माणसाला!"

उत्तराने पान उलटलं.

सोळाव्या अर्जाला परवानगी आली. त्या दिवशीचं पान उत्तराने मला मराठीत वाचून दाखवलं: "परवानगी आली. पाऊस. तिसऱ्या तुकडीचे बूट खराब." पुढे ऑक्टोबरात: "सकाळी लग्न. दुपारी कवायत."

"बाबा, सोळा वर्षांनी परवानगी आल्यावर आनंद व्हायला हवा ना?"

"व्हायला हवा."

"इथे नाहीये. पुढची वीस पानं बघितली मी."

आणि ते निशाण? लढाईत एडुआर्ड सैन्याच्या पावांच्या गाड्यांवर होता. गुडघ्यावर गाडीच्या घोड्याने लाथ मारली. तरी त्या वर्षी वरचे बरेच मेल्यामुळे तो कॅप्टन झाला आणि निवृत्त होताना नुसती मेजर ही पदवी मिळाली. वॉल्टरना हे सांगायचं कसं म्हणून उत्तराने तीन दिवस काढले. शेवटी सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा पुसला.

"पावांच्या गाड्या?"

"हो."

"मी छत्तीस वर्षं कारखान्यात सामानाच्या गाड्या चालवल्या," वॉल्टर म्हणाले. "बहिणीला मात्र सांगू नकोस. तिने त्यांची तलवार भिंतीवर लावलीय."

लुईज वारल्यावर मुलाने मेजरला मिशिगनला आणलं. शेवटची अकरा वर्षं तो इथल्या शेतावर राहिला. टपाल आणायला जातानाही मुलासमोर टाचा जुळवून उभा राहायचा, जाऊ का म्हणून. सून म्हणायची, "जा की हो मामंजी, कोण अडवतंय?" तो वहीत लिहायचा: "आजही कोणी अडवलं नाही." वही तिथेच संपली. पुढची पानं कोरी.

उत्तराने शेवटची वही मिटली तो ऑगस्टचा तिसरा आठवडा. त्या संध्याकाळी जेवताना ती शंतनूला म्हणाली, "पुण्याला हो कळवलंय मी. दुपारी मेल केली."

शंतनूचा घास हातातच राहिला. "मला न विचारता?"

"सांगतेय की आता."

"अगं, ग्रीन कार्डचं लेबर क्लिअर झालंय. फार तर अजून एक वर्ष—"

बोलता बोलता तोच थांबला. वाक्य कुठून आलं ते त्याच्या ध्यानात आलं असावं. मी आपला वरणात लिंबू पिळत बसलो. सासऱ्याने अशा वेळी दुसरं काय करायचं?

"मग आपलं काय?" त्याने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"माहीत नाही," उत्तरा म्हणाली. ती ना चिडली होती, ना रडली. "तू यावंस असं वाटतं मला. थोडंसं वाटतं. जास्त काही वाटतच नाहीये रे सध्या. तिथे गेल्यावर वाटेल बहुतेक."

मग शंतनू उठला, हात धुतले आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला.

"जॉइन कधी व्हायचंय?"

"दहा सप्टेंबर."

"बाबांच्या फ्लाइटला एक सीट दिसतेय. मधली आहे. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.